तोंड लपवायचा पगार

आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर रोज सकाळी सात जण बसतात. त्यातल्या पाचांची मुलं अमेरिकेत, एकाची कॅनडात आणि सातवा मी. माझा मुलगा कोथरूडला असतो. म्हणजे कट्ट्याच्या हिशेबात मी निपुत्रिक. पूर्वी इथल्या गप्पा ठरलेल्या असत. तिकडे बर्फ किती पडला, नातवाला मराठी कळतं पण बोलत कसा नाही, आणि तिकडे सगळं मिळतं पण इथल्या बाकरवडीची सर कशी नाही. बर्फाची चौकशी अजून होते. फक्त हा बर्फ आता आभाळातून पडत नाही, काळ्या काचांच्या गाडीतून उतरतो.

या बर्फाचं पूर्ण नाव 'इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट'. आद्याक्षरं आय-सी-ई, म्हणून 'आइस'. परदेशी माणूस शोधायचा, धरायचा, कोंडायचा आणि देशाबाहेर धाडायचा, हे त्याचं काम. खातं तसं तरुण. न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यानंतर २००३ साली जन्माला आलेलं. बाविसाव्या वर्षी वडीलधाऱ्यांनी त्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्याच दिल्या. ४ जुलै २०२५ रोजी ट्रम्प यांनी ज्या जाडजूड कायद्यावर सही केली, त्यात आइससाठी सुमारे ७५ अब्ज डॉलर निघाले. पैकी ४५ अब्ज नुसते कोठड्यांसाठी. मग भरती निघाली. रुजू होण्याचा बोनस ५० हजार डॉलरपर्यंत, आणि वयाची वरची अट रद्द. ही बातमी कट्ट्यावर वाचली गेली तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही. सगळे मनातल्या मनात डॉलरचा भाव लावत होते.

या नोकरीतली एक सवलत मात्र जाहिरातीत नव्हती. तोंड झाकून काम करता येतं.

२०२५च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये, मग शिकागोत, मग मिनियापोलिसात लोकांनी जे पाहिलं ते सगळीकडे सारखंच होतं. बिनखुणेची गाडी थांबते. चार-पाच जण उतरतात. नाकापर्यंत कापड, डोळ्यांवर गॉगल, छातीवर 'पोलीस' एवढंच. नावाची पट्टी नाही. हार्डवेअरच्या दुकानाबाहेर कामाची वाट बघत उभा असलेला मजूर उचलतात आणि निघतात. सरकारचं म्हणणं असं, की चेहरा उघड झाला तर लोक आमचे पत्ते इंटरनेटवर टाकतात, बायकापोरांना धमक्या येतात. हे अगदीच खोटं नसेल. पण दुसऱ्याच्या दारात भल्या पहाटे उभं राहायची नोकरी असणाऱ्याला आपल्या दारात कुणी येईल याची एवढी धास्ती वाटावी, यातली गंमत खात्याच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

कॅलिफोर्नियानं सप्टेंबर २०२५ मध्ये कायदा केला, की ड्युटीवर तोंड झाकायचं नाही. केंद्रानं सांगितलं, आम्ही पाळणार नाही. वर खटलाही भरला. बेकायदा राहणाऱ्यांना पकडायला आलेल्या खात्यानं कायदा पाळणार नाही म्हणावं, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेवढ्यात एफबीआयनंच पोलिसांना सावध केलं, की गुन्हेगार आइसचे लोक असल्याचं भासवून लोकांना लुबाडताहेत. साहजिक आहे. कापड बाजारात मिळतं, गॉगल मिळतो, 'पोलीस' लिहिलेलं जाकीटही मिळतं. पानिपतानंतर सदाशिवराव भाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा तो खरा की खोटा हे ठरवायला पेशवाईची बरीच वर्षं गेली. आणि त्यानं तर तोंडही झाकलेलं नव्हतं.

तोतयाचा विषय निघाला की कट्ट्यावरचे आमचे भाऊसाहेब खवळतात. हे भाऊसाहेब पानिपतावरचे नव्हेत. निवृत्त तलाठी. गावाकडे तलाठ्याला सगळे भाऊसाहेबच म्हणतात, ते इथंही चिकटलं. लेक न्यू जर्सीत, त्यामुळे रोज रात्री तिकडच्या चित्रफिती पाहतात आणि सकाळी जप्तीचा कागद तपासावा तसा त्यांचा निकाल लावतात.

"पंचनामा कुठाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. "माणूस उचलला, बरं. पंच कोण? दोन लायक इसम आसपास नव्हते? सही कुणाची? हुद्दा काय? शिक्का?"

मी म्हटलं, भाऊसाहेब, ती अमेरिका आहे.

"म्हणून काय झालं? आपल्याकडे डी. के. बसू निकाल आहे."

आहे खरा. १९९६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अटक करायला जाणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचं नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. पुढे ते फौजदारी कायद्यातही आलं. अमेरिकेच्या नियमांतही आहे, की आइसच्या माणसानं आपली ओळख सांगावी. कधी? तर शक्य आणि सुरक्षित होईल तितक्या लवकर. सरकारी भाषेत 'शक्य होईल तितक्या लवकर' म्हणजे काय, हे तलाठ्याला शिकवायला नको. सातबाऱ्यावर वारस लावून देतो म्हणणाऱ्यांनी ते वाक्य तीन पिढ्या वापरलंय.

आता कागदाकडे येऊ. आइसकडे वॉरंट दोन जातींची असतात. एक न्यायाधीशाच्या सहीचं. दुसरं आइसच्याच एका अधिकाऱ्यानं आइसच्याच दुसऱ्या अधिकाऱ्याला दिलेलं. या दुसऱ्या कागदावर माणूस रस्त्यात धरता येतो, पण मालकानं दार उघडल्याशिवाय घरात पाऊल टाकता येत नाही, असं तिकडचे वकील वर्षानुवर्षं सांगत आले. अमेरिकन घटनेची चौथी दुरुस्ती त्यासाठीच आहे. भाऊसाहेबांना हे एका दमात समजलं. "फेरफाराची नोंद तलाठ्यानं धरायची, मंजुरी मंडल अधिकाऱ्याची. दोन्ही सह्या मीच केल्या असत्या तर त्याच आठवड्यात निलंबित झालो असतो."

तिकडे निलंबन झालं नाही. मे २०२५ मध्ये आइसच्या प्रभारी प्रमुखांनी एक अंतर्गत टिपण काढलं, की ज्याच्यावर देश सोडण्याचा अंतिम आदेश झालाय, त्याच्या घरात या घरगुती कागदावरही जबरीनं शिरता येईल. टिपण बाहेर आलं जानेवारी २०२६ मध्ये. सात-आठ महिने घटना बदललेली होती. लोकांना सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. त्याच जानेवारीत मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात आइसचे लोक दार तोडून एका घरात शिरले. आतला गृहस्थ आशियाई हमोंग वंशाचा आणि अमेरिकेचा नागरिक. त्याला अर्ध्या चड्डीवर, खांद्यावर एक पांघरूण टाकून, उघड्या छातीनं हिमात बाहेर काढलं, गाडीत घालून नेलं, आणि 'हा तो नव्हे' असं ठरल्यावर परत आणून सोडलं.

अशा वेळेसाठी तिकडे लाल कार्ड असतं. फुटबॉलमधलं नव्हे. खिशात मावेल एवढ्या पुठ्ठ्यावर छापलेलं असतं, की घटनेनं मला दिलेला हक्क मी बजावतो आहे. तुमच्याशी बोलणार नाही, सही करणार नाही, न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट असेल तर दाराखालून सरकवा. स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्या वकिलांच्या एका संस्थेनं ही लाखोंनी वाटली. ट्रम्प यांचे सीमाप्रमुख टॉम होमन यांनी जानेवारी २०२५ मध्येच टीव्हीवर कुरकुर केली होती, की शिकागोची माणसं फार शिकलेली आहेत. त्यांना आपले हक्क ठाऊक आहेत, त्यामुळे धरपकड अवघड जाते. नागरिकशास्त्र हा वीस मार्कांचा विषय एखाद्या सरकारला इतका जड गेल्याचं मी तरी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही.

आपल्या लोकांपुढे या कार्डाची अडचण वेगळी आहे. ते गप्प बसायला सांगतं. मराठी माणूस अधिकाऱ्यापुढे आणि गप्प? तो आधी सांगणार, की तुमच्या वरच्या साहेबांना मी ओळखतो.

आणि समजा, कुणी नियमानं, स्वतःच्या पायांनी इमिग्रेशन कोर्टात गेला. तिथला न्यायाधीश न्यायव्यवस्थेचा नसतो. न्याय खात्याचा, म्हणजे सरकारचाच नोकर असतो. सरकारी खर्चानं वकील मिळत नाही. पोराबाळांनाही तो हक्क नाही. २०२५च्या मे महिन्यापासून नवा प्रयोग सुरू झाला. आत सरकारी वकील म्हणतो, आम्ही केस मागे घेतो. माणूस सुटलो म्हणून व्हरांड्यात येतो, आणि व्हरांड्यात तोंड झाकलेले उभे. न्यूयॉर्क शहराचे तेव्हाचे हिशेबप्रमुख ब्रॅड लँडर १७ जून रोजी अशाच एका व्हरांड्यात एका माणसाचा हात धरून उभे राहिले आणि न्यायाधीशाचं वॉरंट दाखवा म्हणाले. वॉरंट दिसलं नाही. बेड्या दिसल्या, त्याही लँडर यांच्याच हातात. जे बिनकागदाचे लोक कर भरत होते (आणि ते भरतात, एका अभ्यासानं २०२२ सालचा आकडा जवळपास ९७ अब्ज डॉलर काढला), त्यांचे पत्ते आइसला द्यायचा करार कर खात्यानं एप्रिल २०२५ मध्ये केला. बुडव्याचा पत्ता सापडत नाही. प्रामाणिकपणे भरणाऱ्याचा सापडतो. हे मात्र आपल्याकडच्यासारखंच.

कट्ट्यावर हे सगळं ऐकून झालं की कुणीतरी ते वाक्य म्हणतंच. "पण आपली मुलं लीगल आहेत."

फेब्रुवारी २०२५ मध्येही हेच म्हटलं गेलं. ५ तारखेला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. आत १०४ भारतीय, हातात बेड्या, पायात साखळ्या. त्यात तिघे महाराष्ट्रातले. कट्टा म्हणाला, ते डंकीवाले, चोरवाटेनं गेलेले. परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं, की यात नवं काही नाही, बेड्या घालायची पद्धत २०१२ पासूनची आहे, आणि बायका-मुलांना घालत नाहीत असं अमेरिकेनं कळवलंय. पंतप्रधान वॉशिंग्टनची भेट आटपून परतले, त्यापाठोपाठ आणखी दोन विमानं आली. पद्धतीप्रमाणे.

सप्टेंबरात आइसनं जॉर्जियात ह्युंदाईच्या बॅटरी कारखान्यावर धाड घालून ४७५ जण पकडले. त्यात तीनशेहून अधिक दक्षिण कोरियाचे, तेही साखळ्यांत. कोरियाच्या सरकारनं २०१२ची पद्धत काढून वाचली नाही. परराष्ट्रमंत्री विमानानं थेट वॉशिंग्टनला गेले, आणि आठवड्याभरात कोरियन एअरचं जंबो अटलांटात येऊन आपली माणसं मोकळ्या हातांनी घेऊन गेलं. वरून ट्रम्पच म्हणाले, की तुमचे कारागीर आम्हाला हवेत, राहा. साखळी तीच, कारखाना अब्जावधी डॉलरचा. आपल्या १०४ जणांकडे कारखाना नव्हता. बहुतेकांनी शेत विकून एजंटाचे पैसे भागवले होते.

बेकायदा शिरलेल्याला परत पाठवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, याबद्दल वाद नाही. ओबामांच्या काळात २०१२ साली एका वर्षात चार लाखांवर माणसं अमेरिकेबाहेर काढली गेली. प्रश्न पाठवण्याचा नाही, ओळखण्याचा आहे. समोरचा बेकायदा आहे हे कागद बघण्याआधी कशावरून ठरवायचं?

लॉस एंजेलिसच्या एका न्यायाधीशांनी जुलै २०२५ मध्ये आइसला सांगितलं, की वंश, स्पॅनिश किंवा हेल काढून बोललेलं इंग्रजी, बसस्टॉपसारखी जागा आणि हातातलं काम, एवढ्यावरच माणूस अडवायचा नाही. ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानं या आदेशाला स्थगिती दिली. बहुमतानं कारणं लिहिली नाहीत. न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी मात्र वेगळं टिपण जोडलं. मथितार्थ असा, की नुसत्या वंशावरून अडवता येणार नाही, पण बाकीच्या गोष्टींच्या जोडीला तो धरता येईल. आणि नागरिक असेल त्याची थोडक्यात चौकशी करून सोडून देतात. या थोडक्याला तिकडे आता 'कॅव्हनॉ स्टॉप' म्हणतात. 'प्रोपब्लिका' या शोधपत्रकारांच्या संस्थेनं ऑक्टोबरात मोजलं, तेव्हा आइस आणि त्याच्या भावंडांनी धरून ठेवलेले अमेरिकन नागरिक १७० हून अधिक निघाले. अमेरिकेच्या लष्करात नोकरी केलेला एक जण तीन दिवस कोठडीत होता. त्यात त्याच्या मुलीचा तिसरा वाढदिवस गेला. अलाबामातल्या एका बांधकाम मजुरानं 'रिअल आयडी' हे सरकारमान्य ओळखपत्र काढून दाखवलं. म्हणाले, खोटं आहे. तो त्या देशात जन्मलेला. त्याला दोनदा धरलं.

कागद दाखवला, तरी डोळ्यांनी आधीच निकाल दिलेला असतो. हे आजचं नाही. भगतसिंग थिंड नावाचे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होते. नागरिकत्व तेव्हा गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांना मिळे. थिंड यांनी कोर्टात मांडलं, की मी उच्चवर्णीय आर्य आहे, सबब गोरा. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तुमचा पोथीतला वंश काहीही असो, इथल्या सामान्य माणसाला तुम्ही गोरे दिसत नाही. झालं. आपल्याकडची जात घेऊन तिकडे पहिल्या वर्गात बसू पाहणाऱ्याला तेव्हाच उतरवलं होतं. तरी सामान अजून त्याच डब्यात ठेवलेलं आहे.

निकाल लागताच सरकारनं आधी दिलेली नागरिकत्वंही परत मागायला सुरुवात केली. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. हे नाव मी वाचलं मात्र, कट्टा ताठ बसला. भाऊसाहेबांनी आडनावावरून तालुका सांगायला घेतला. पंडित १९१४ पासून अमेरिकन नागरिक. त्यांच्यावरही नोटीस आली. अशिलाचा खटला हरलेले पंडित स्वतःचा खटला लढले. वंशाचा मुद्दा बाजूला ठेवून ते म्हणाले, तुम्ही दिलेल्या कागदाच्या भरवशावर मी इथं संसार मांडला, वकिली केली, मायदेशातला हक्क सोडला; आता तो कागद ओढून कसा घ्याल? १९२६ साली ते वरच्या कोर्टात जिंकले, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं सरकारचं अपील घेतलं नाही. कट्ट्यानं टाळ्या वाजवल्या. मग मी पुढची ओळ वाचली, की जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं आपल्या वकिलांना कळवलंय, दिलेली नागरिकत्वं काढून घेण्याचे खटले प्राधान्यानं चालवा. टाळ्या थांबल्या.

सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी व्हिसावर एक लाख डॉलरची फी लागल्याची घोषणा झाली. सॅन फ्रान्सिस्कोहून दुबईला निघालेल्या विमानातून माणसं धडाधड उतरली. गेलो तर परत येता येणार नाही, या भीतीनं. कुणाला साखळी घातलेली नव्हती. सगळे लीगल होते.

या धरपकडीतली विनोदबुद्धी मात्र मानली पाहिजे. फ्लोरिडाच्या राज्य सरकारनं दलदलीत तंबूंची कोठडी बांधली, तिचं नाव 'ॲलिगेटर अल्काट्राझ'. नेब्रास्कातली 'कॉर्नहस्कर क्लिंक'. इंडियानातली 'स्पीडवे स्लॅमर'. लुइझियानातली 'लुइझियाना लॉकअप'. अनुप्रास साधल्याशिवाय माणूस कोंडायचाच नाही, असा दंडक दिसतो. फ्लोरिडाच्या रिपब्लिकन पक्षानं तर त्या तुरुंगाच्या नावाचे टी-शर्ट आणि टोप्या विकायला काढल्या. आपल्या गृहखात्याला हे अजून सुचलेलं नाही, नाहीतर 'आर्थर रोड आराम' लिहिलेले मग दादर स्टेशनबाहेर मिळाले असते. आणि हे तेव्हाच्या ज्या गृहसुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम यांच्या देखरेखीखाली चाललं, त्यांना मे २०२५ मध्ये सिनेटच्या समितीत एका सदस्येनं विचारलं, हेबियस कॉर्पस म्हणजे काय? उत्तर आलं, लोकांना देशातून काढण्याचा राष्ट्राध्यक्षांचा घटनादत्त हक्क. बरोबर उलटं. सरकारनं कोंडलेल्या माणसाचा कोर्टात दाद मागायचा हक्क आहे तो. गाईडमधून पाठ केलेलं उत्तर असतं तरी दोन मार्क पडले असते. कोठड्यांत तेव्हा हजारो माणसं होती. त्या नोव्हेंबरात त्यांचा आकडा ६५ हजारांवर गेला, आणि त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांशांवर एकही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता.

लोकांनीही मग आपापली हत्यारं काढली. वॉशिंग्टनमध्ये न्याय खात्यातल्याच एका नोकरानं सीमाशुल्क दलाच्या शिपायावर सँडविच फेकून मारलं. सरकारनं त्यावर मोठा गुन्हा लावायला घेतला, ज्युरीनं नकार दिला. मग किरकोळ गुन्हा लावला, त्यातूनही नोव्हेंबरात तो सुटला. शिपायानं साक्ष दिली, की सँडविच छातीवर फुटलं आणि मोहरीच्या चटणीचा वास आला. आपल्याकडे वडापाव फेकला असता तर आधी त्यातला वडा कुणी खाल्ला याची चौकशी झाली असती. पोर्टलंडमध्ये फुगवलेला बेडूक होऊन एक जण निदर्शनाला आला. त्याच्या पोशाखाला हवा घेण्याचं भोक होतं, त्यात मिरचीचा फवारा मारला गेला. बेडकालाही चेहरा झाकायची परवानगी होती, हे कबूल केलं पाहिजे.

पण मला सगळ्यात आवडली ती शिकागोची शिट्टी. साधी, गळ्यात अडकवायची. आइसची गाडी दिसली की तुटक तुटक वाजवायची. प्रत्यक्ष कुणाला धरताहेत, तर एकच लांब. शाळेबाहेर आया, नाक्यावर म्हातारे, कपडे धुवायच्या दुकानातल्या बायका, सगळ्यांच्या गळ्यात शिट्ट्या. आपल्याकडे शिट्ट्या मोजून भात उतरवतात. तिकडे शिट्ट्या मोजून पोराला घरात घेतात. शिट्टी वाजली की माणसं बाहेर येतात आणि फोन वर धरतात. सरकारला राग या फोनचाच.

"म्हणजे पंच आले," भाऊसाहेब म्हणाले.

आले. जानेवारी २०२६ मध्ये मिनियापोलिसात हजारो जवान उतरले होते. ७ तारखेला आइसच्या माणसानं गाडीत बसलेल्या एका बाईला गोळ्या घातल्या. २४ तारखेला माजी सैनिकांच्या इस्पितळातल्या अतिदक्षता विभागाच्या एका परिचारकाला सीमादलाच्या जवानांनी खाली पाडलं आणि गोळ्या घातल्या. त्याच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल होतं. हातात, चित्रफितींत दिसतं त्याप्रमाणे, फोन होता. दोघंही ३७ वर्षांचे. दोघंही अमेरिकेचे नागरिक. दोन्ही वेळा सरकारनं काही तासांत दहशतवाद हा शब्द वापरला, आणि दोन्ही वेळा रस्त्यावरच्या फोनांनी वेगळं दाखवलं.

भाऊसाहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या नोकरीत पंच फुटलेले पाहिले. पंच मारलेला नाही पाहिला."

मिशिगनचे खासदार श्री ठाणेदार यांनी त्या जानेवारीत आइस बरखास्त करण्याचं विधेयक आणलं. माणूस आपला, बेळगावात वाढलेला. ज्या सभागृहात बहुमत ट्रम्प यांच्या पक्षाचं, तिथं ते मंजूर होणार नाही हे त्यांनाही ठाऊक असणार. पण बेळगावच्या माणसाला न सुटणाऱ्या प्रश्नांवर ठराव मांडायची सवय असते.

"काही म्हणा," भाऊसाहेब उठता उठता म्हणाले, "आपल्याकडे असं होत नाही."

मी त्यांना मीरा रोडची आठवण केली. जून २०२५. पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचा एक गवंडी तिथं काम करत होता. बंगाली बोलतो म्हणून बांगलादेशी ठरला. आपल्या पोलिसांनी सीमा सुरक्षा दलाकडे दिला, त्यांनी रात्रीत सीमेपलीकडे ढकलला. आधार होतं, मतदार कार्ड होतं. बंगाल सरकारनं हालचाल केली म्हणून तो परत आला. बांधकामावर काम, बोलण्यात हेल, आणि कागद खोटा असणारच हा विश्वास. अलाबामाच्या त्या मजुराहून वेगळं काय होतं? त्या आठवड्यात कट्ट्यावर आम्ही न्यू जर्सीबद्दल बोलत होतो. मीरा रोडचा विषय निघाल्याचं मला आठवत नाही, आणि काढला मीही नव्हता.

भाऊसाहेब म्हणाले, "ते वेगळं." मग थोड्या वेळानं, "पंचनामा झाला होता का पण?"

मे महिन्यात भाऊसाहेब आणि वहिनी लेकीकडे निघालेत. परवा त्यांच्याकडे गेलो तर हॉलमध्ये दोन बॅगा उघड्या, वजनकाटा मध्ये. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी, कुकरची रिंग. लेकीनं फोनवर सूचना दिल्या होत्या, त्या भाऊसाहेबांनी तलाठ्याच्या अक्षरात लिहून काढलेल्या. फिरायला जाताना पासपोर्टची प्रत खिशात ठेवणे. रस्त्यात मोठ्यानं मराठीत न बोलणे. ऐकणाऱ्याला मराठी आणि स्पॅनिश यातला फरक कळेलच असं नाही. कुणी अडवल्यास वाद न घालणे. गप्प राहणे.

"हे शेवटचं काही यांना जमायचं नाही," वहिनी म्हणाल्या.

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. "समजा, अडवलं. माझा कागद मी दाखवला. त्याचं नाव मी विचारलं. त्यानं तोंडच झाकलंय. मग अर्ज कुणाच्या नावानं करायचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी यादीवर पुन्हा बोट फिरवलं, खाली एक ओळ वाढवली आणि आत हाक मारली, "अहो, शिट्टी घेतली का?"

"कुकरची ना?" वहिनी आतून म्हणाल्या. "दोन घेतल्यात."